बंबावरची लाल पाटी

“सून नव्हती, लेकच होती ती आधारभाऊची,” असं दारावर आलेलं प्रत्येक माणूस जाता जाता म्हणून जाई, आणि आधारभाऊंची खरी लेक तिथंच सतरंजीवर बसून ते ऐकत असे.

म्हणणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. दिपमालानं सासऱ्याचं किती केलं ते सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. दवाखान्यात तीच बसून राहिली, डॉक्टर काय म्हणाले ते तिलाच ठाऊक. प्राची धुळ्याहून पोचली तेव्हा बाबांच्या उशाशी दिपमाला होती, आणि नणंदेला पाहताच तिनं उठून जागा करून दिली. ते जागा करून देणं प्राचीच्या मनात कुसळासारखं रुतलं होतं. स्वतःच्या बापाजवळ बसायला कुणाला तरी सरकून जागा द्यावी लागते, हे तिला आधी कधी कळलं नव्हतं.

प्राची धुळ्याला एका कॉलेजात ग्रंथपाल होती. मोजकं बोलायची, पुष्कळ वाचायची. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांचं काय होतं, यावर लिहिलेलं तिनं बरंच वाचलेलं होतं. पोकळी, अपराधीपण, राग, सगळं त्यात होतं. भावजयीचा हेवा वाटून पोटात आग पडते, हे मात्र कुणी लिहिलेलं तिला आठवेना. म्हणून ती गप्प बसे आणि येणाऱ्यांना पाणी देई. पाण्याचे पेलेही दिपमालाच भरून ठेवायची, ही गोष्ट वेगळी.

बाबा दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. उभी नोकरी तिन्ही पाळ्यांत गेली. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये प्राची लहानाची मोठी झाली ती ओठांवर बोट ठेवूनच. बाबा रात्रपाळी करून आलेले असत, खिडकीला जाड पडदा असे, डोळ्यांवर घडी घातलेलं वर्तमानपत्र असे आणि आई स्वयंपाकघरात पळीसुद्धा हळू ठेवी. ते निवृत्त झाले, भुसावळच्या बाहेर घर बांधलं, आणि मग कुठे जागे झाले. दिवसभर जागे, बोलके, हातात पाना नाही तर पक्कड. तोवर प्राची धुळ्याची झाली होती, आणि धाकट्या भावाची, प्रशीलची, बायको भडगावहून या घरात आली होती. झोपलेले बाबा प्राचीच्या वाट्याला आले आणि जागे दिपमालाच्या. वाटणी कुणी केली नव्हती, त्यामुळे भांडायचं कुणाशी हाही प्रश्नच होता.

त्यातून तो बंब. तांब्याचा, तीन पायांचा, कॉलनीतून इथं आणलेला. मागच्या न्हाणीत त्याची जागा होती. बाबांनी त्याला पत्र्याच्या छपरातून वर जाणारं धुराड्याचं नळकांडं बसवलं होतं, नळकांड्यात झडप आणि झडपेला बाहेरून फिरवायची मूठ. वीज केंद्रातला अवाढव्य बॉयलर त्यांनी जणू आपल्यापुरता लहान करून घरात आणला होता. तो कसा पेटवायचा हे त्यांनी दिपमालाला शिकवलं. आधी वारा, मग आग. राख काढ, झडप उघड, कागदाचा एक बोळा जाळून नळकांडं तापव, धूर वर ओढला जातो ना ते बघ, मग कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या घाल. फोनवर ते प्राचीला कौतुकानं सांगत, “आमच्या शिफ्ट इनचार्जनं आज एका काडीत बंब पेटवला बरं.” प्राची “हो का” म्हणे आणि फोन दुसऱ्या कानाला लावी.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी पाहुणे यायला लागले. रावेरहून बेबाबाई आत्या आली, भडगावकडची मंडळी आली. पुढच्या न्हाणीत गिझर होता, तो पाहुण्यांना पुरला असता. पण आई, द्रौपदाबाई, गिझरच्या पाण्याला हात लावत नसे. साक्रीकडचं तिचं माहेर, इतकी वर्षं भुसावळात काढूनही बोली तीच. थंडी मी म्हणत होती. ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या म्हणाली की सकाळी भंतेजी येतील, त्याच्या आत अंघोळ व्हायला हवी, “माले बंबनं पानी जोयजे.” आणि सवयीनं तिनं दिपमालाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

“मी पेटवीन,” प्राची म्हणाली.

आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. बेबाबाई आत्यानं मान वळवली. दिपमाला पोळपाटाशी होती, ती हात पुसत जवळ आली आणि हळूच म्हणाली, “अक्का, बंबाचं एक सांगायचं होतं.”

“मला माहीत आहे सगळं. तुझ्या लग्नाच्या आधीपासूनचा आहे तो बंब.”

दिपमाला परत पोळपाटाशी गेली.

सकाळी सगळ्यांच्या आधी प्राची उठली आणि मागच्या न्हाणीत गेली. दिवा लावला. बंबाचं झाकण काढून आत पाहिलं तर तो कोरडा ठणठणीत. बंब कधी रिकामा ठेवायचा नाही, हा बाबांचा नियम तिलाही ठाऊक होता. म्हणजे शिफ्ट इनचार्जचं लक्ष नव्हतं तर. हा विचार तिला उबेसारखा सुखावून गेला, आणि आपल्याला असं सुख व्हावं याची लाजही वाटली, पण सुख आधी आलं. तिनं नळाची रबरी नळी लावून बंब भरला. खालचं दार उघडून राख ओढली. मग कागद, त्यावर बारीक पऱ्हाट्या, त्यावर तुरीच्या काड्या. फोनवर ऐकलेलं जेवढं आठवलं तेवढं. तिनं कधी ऐकतेय असं दाखवलं नसलं तरी ऐकलं होतंच.

काडी ओढली. कागद भुरकन पेटला, पऱ्हाट्यांनी चर्र आवाज केला आणि धूर वर जायच्या ऐवजी दारातून तिच्या तोंडावर आला.

डोळे पुसून तिनं पुन्हा मांडामांड केली. पऱ्हाट्या सादळल्या असतील. तिनं वरच्या फळीवरची दाणे काढलेली वाळकी मक्याची बुरकुंडं आणली. तीही चरचरली आणि विझली, धूर मात्र न्हाणीभर. जाळी राखेनं बुजली असेल म्हणून तिनं सळईनं जाळी मोकळी केली. नळकांड्यात चिमणीनं घरटं केलं असेल म्हणून काठीनं ते ठोकत गेली. खाली पोकळ आवाज, मधे पोकळ, वरही पोकळ. बुजलेलं नव्हतं. पदार्थ बिघडला तर चव घेऊन कळतं, पुस्तक सापडलं नाही तर चुकीच्या कपाटात असतं. इथं मात्र तिच्या हाताशी अशी काही युक्ती नव्हती. एक एक कारण काढून टाकत जायचं, एवढंच. खोकल्याचा आवाज घरात जाऊ नये म्हणून तिनं ओढणी तोंडात धरली. दिपमालाला ऐकू गेलं तर, ही भीती धुरापेक्षा जास्त होती.

मग झडप. झडप बंद असली तर धूर जाणार कुठून? ती स्टुलावर चढली, मूठ फिरवायला हात वर केला, आणि तो तिथंच राहिला.

मूठ आडवी होती, म्हणजे झडप बंद. आणि ती तशीच राहावी म्हणून तारेनं नळकांड्याशी पक्की बांधलेली होती. तारेला तेलाच्या डब्याच्या झाकणाएवढी पत्र्याची एक गोल पाटी लटकत होती. लाल रंगाची. तिच्यावर खिळ्यानं ‘आ’ कोरलेला.

ही पाटी प्राचीला नवी नव्हती. वीज केंद्रात कुठल्याही यंत्रावर काम चालू असलं की काम करणारा त्याच्या बटणावर आपली लाल पाटी लावतो, आणि ज्यानं लावली त्यानंच ती काढायची. दुसऱ्या कुणी काढायची नाही, मग तो साहेब असो की साहेबाचा बाप. कारण पाटीच्या मागे कुणाचा तरी हात यंत्रात असतो. बाबांनी हा कायदा घरातही चालवला होता. एकदा त्यांनी पंख्याच्या बटणावर पाटी लावली, तेवढ्यात बोलावणं आलं आणि ते दुहेरी पाळी करायला निघून गेले. मे महिन्यातला भुसावळचा उकाडा आणि आई हातात पुठ्ठा घेऊन वारा घालत बसलेली. बटणाला तिनं हात लावला नाही. ही गोष्ट घरात हसून हसून सांगितली जाई.

“या पाटीचंच सांगायचं होतं काल,” मागून आवाज आला.

दिपमाला दारात उभी होती, किती वेळ कोण जाणे. डोळे सुजलेले, पण धुरानं नव्हे. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी बाबांनीच ती पाटी लावली, असं तिनं सांगितलं. दम लागत होता, तरी स्टुलावर चढले. कशाला लावता म्हणून तिनं विचारलं, तर म्हणाले, सध्या कुणी हात लावू नका. त्यानंतर त्यांनी काही सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. बंब तसाच राहिला. आईच्या अंघोळीचं पाणी ती गॅसवर तापवत होती, आणि बंबाचं आहे असं सांगत होती.

“तू काढली का नाहीस मग?”

“मी कशी काढणार? त्यांची आहे.”

इतकं साधं उत्तर, आणि त्यानं प्राचीच्या अंगाचा तिळपापड झाला. बाबांना जाळून आलेल्या घरात ही पोरगी त्यांचा कायदा पाळत बसली होती. आणि आपण? आपण सगळं ठाऊक असल्याचा आव आणून आत आलो आणि बंद झडपेखाली आग लावली.

“तुला शिकवलं सगळं,” ती स्टुलावरूनच म्हणाली. “मला एकदाही बंबाजवळ बसवलं नाही त्यांनी.”

दिपमालानं तिच्याकडे नीट पाहिलं. “तुम्हाला कशाला बसवतील, अक्का? तुम्ही चार दिवसांच्या पाहुण्या. मला शिकवलं, कारण पेटवायचा मलाच होता. रोज.” मग ती म्हणाली, “तुमचा फोन यायचा असला की ते आधीपासून खुर्ची अंगणात नेऊन बसायचे. मी चहा घेऊन गेले तर हातानं लांबूनच जा म्हणायचे. ते काय बोलायचे तुमच्याशी?”

बंबाबद्दल बोलायचे, असं प्राचीनं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण ती खुर्ची, तो हातानं केलेला इशारा, हे तिच्या पदरात अचानक पडलं होतं आणि इतक्यात ते वाटून घ्यायची तिची तयारी नव्हती.

बोलणं ऐकून प्रशील आला. त्यानं धूर पाहिला, पाटी पाहिली, आणि खिशातली पक्कड काढली. बापाचा मुलगा, पक्कड खिशात असायचीच. “बाबा गेले आता,” तो घसा साफ करत म्हणाला. “तोडतो तार, एक मिनिटाचं काम.”

“नको,” दोघी एकदमच म्हणाल्या.

प्रशीलनं एकीकडून दुसरीकडे पाहिलं. आदल्या दिवसापासून या दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालेलं त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असावं. तो पक्कड खिशात घालून पाहुण्यांच्या चहाचं बघायला गेला.

प्राची खाली उतरली. डोकं थंड झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की हिशेब पुरता जुळत नाही. झडप बंद होती म्हणून धूर उलटला, ते ठीक. पण लाकडं चरचरली का? बुरकुंडं तर हाडासारखी वाळलेली होती. आणि बाबांनी झडप मुळात बांधली का? घरात सगळ्यांना बंब लागतो हे ठाऊक असलेला माणूस उगाच तो बंद करत नाही. आणि बंब कोरडा का होता?

ती जमिनीवर जवळजवळ आडवी झाली. मोबाइलचा उजेड खालच्या दारातून आत सोडला आणि मान वाकडी करून वर पाहिलं. आतली नळी, जिच्यात आग पेटते आणि जिच्याभोवती पाणी असतं, ती काजळीनं काळी होती. त्या काळ्यात एका सांध्यावर काही तरी लुकलुकलं. फुगलं, लांबलं आणि टपकन राखेत पडलं. थोड्या वेळानं दुसरं.

बंब आतून गळत होता. बाबांनी हे पाहिलं होतं. आग नीट पेटली असती तर सांधा उकलला असता, उकळतं पाणी दारातून पेटवणाऱ्याच्या मांडीवर आलं असतं. पेटवणारी रोजची कोण, हे काही सांगायला नको. आपल्याला दम लागलाय हे ठाऊक असलेल्या माणसानं दवाखान्यात जायच्या आधी तेवढं एक काम केलं होतं.

प्राची तशीच पडून राहिली. दिपमालाला पाटी ठाऊक होती, पाटीचं कारण ठाऊक नव्हतं. या क्षणी बाबांच्या मनात काय होतं ते सगळ्या घरात एकच माणूस जाणत होतं, आणि ते माणूस ती होती. तिला वाटलं, हे नाही सांगायचं. बंब जुना झाला म्हणावं, मोडीत द्यावा म्हणावं. बाबांनी शेवटच्या दिवशी दिपमालाची काळजी केली, ही बातमी दिपमालाला मीच का द्यायची? आधीच सगळं तिचं आहे.

राखेत थेंब पडत राहिले. प्रत्येकाचा बारीकसा आवाज होत होता.

“अक्का, काही दिसतंय का?” दिपमालानं विचारलं. तीही आता गुडघ्यांवर बसली होती, साडीचा काठ राखेत.

“गळतोय,” प्राची म्हणाली. आणि मग, बोलायचं तर पुरतं बोलावं, अर्धं सांगणं खोट्यापेक्षा वाईट, म्हणून तिनं पुढचंही सांगितलं. “पेटवला असता तर तू भाजली असतीस. म्हणून लावली पाटी.”

तिनं उजेड धरला आणि सरकून दिपमालाला जागा करून दिली. दिपमालानं आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ती उठली तेव्हा गालावर काजळी होती, आणि ती प्राचीच्या समोर पहिल्यांदा मोठ्यानं रडली. प्राचीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठीवर हात ठेवतानाही तिच्या मनात एक कोपरा म्हणतच होता, बघ, ही रडतेसुद्धा मनमोकळी.

तेवढ्यात आई दारात आली. “काय चालू शे आठे? बठ्ठा जन उठनात,” ती म्हणाली. बंबाकडे, दोघींच्या काळ्या तोंडांकडे आणि मग वर पाटीकडे तिनं पाहिलं. पाटी ओळखायला तिला चष्मा लागला नाही. जरा वेळानं ती म्हणाली की गॅसवरच ठेवा पाणी, रोज तेच तर देतेस. दिपमालाचं रडं थांबलं. आईला ठाऊक होतं तर. आई कपडे घ्यायला वळली.

पाणी तापत असताना दिपमाला म्हणाली की आता नियमानं दुसरी पाटी लागेल. पहिल्याचं काम दुसऱ्यानं हातात घेतलं की त्याची वेगळी पाटी लागते, बाबांचं तसंच होतं. मग ती आत जाऊन एक पाटी घेऊन आली. लाल, गोल, तशीच. खिळ्यानं ‘दि’ कोरलेला.

“बाबांनी करून दिली होती,” ती म्हणाली. “मिक्सर दुरुस्त केला तेव्हा.”

“दोष मी पाहिला,” प्राची म्हणाली. “पाटी माझी लागेल.”

“पण तुमच्याकडे पाटी कुठंय?”

“नाही. तेच तर म्हणतेय.”

दिपमालानं आपली पाटी खाली केली. कोठीघरातून तिनं गोडेतेलाच्या डब्याचं झाकण आणलं, हातोडी आणि खिळा आणला. प्राचीनं उकिडवं बसून ‘प्रा’ कोरलं. ‘प्र’ जमला, काना वाकडा गेला. लाल रंग घरात नव्हता. मग दिपमालानं आपल्या कपाटातली नेलपेंटची बाटली आणली. दुखवट्याच्या घरात, भंतेजी यायच्या तासभर आधी, दोन बायका न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून पत्र्याला नेलपेंट लावत होत्या. बाटली अर्ध्यातच संपली. पाटी अर्धी लाल, अर्धी डब्यावरच्या सूर्यफुलाची पिवळी.

बेबाबाई आत्या गरम पाण्याला आली होती, ती म्हणाली, “हे काय गं?” दोघी फुंकर घालून रंग वाळवत राहिल्या.

प्राची स्टुलावर चढली आणि बाबांच्या पाटीशेजारी तिनं आपली बांधली. तारेला तीन वेढे, वर पीळ. सहज सुटू नये असा.

भंतेजी आले, त्रिसरण झालं, वंदना झाली, दोन माणसं बाबांविषयी बोलली. दोघांनीही सुनेचं नाव घेतलं. जेवणं उरकली. संध्याकाळी प्रशील तांबटाला फोन लावायला बसला, सोमवारी बंब नेऊन सांधा डाखवून आणू म्हणून. दिपमाला ताटं पुसत होती. ती वर न बघता म्हणाली, “अक्का आल्याशिवाय कसा नेणार? पाटी त्यांची आहे.”

प्रशील हसला. आपण एकटेच हसतोय हे ध्यानात आल्यावर थांबला.

धुळ्याला परत येऊन प्राची कामाला लागली. पुस्तकं आत आली, बाहेर गेली. मधेच तिला तो बंब आठवे. बाबांच्या घरात एक वस्तू अशी होती की जी तिच्यावाचून सुरू होणार नव्हती. हा विचार चांगला नव्हता, आईला थंडीत गॅसवरच्या पाण्यानं भागवावं लागत होतं, पण तो विचार ती पुन्हा पुन्हा काढून पाही, जसं कुणी कपाटातला दागिना पाहतं.

मग दिपमालाचा फोन आला. तांबट रविवारी घरी यायला तयार होता, जागेवरच बघतो म्हणाला. काय करू, तिनं विचारलं. तुम्ही म्हणालात तर फोनवर सांगितल्यावर काढते, तुम्हाला एवढ्या लांबून कशाला.

काढ, असं म्हणायला काहीच हरकत नव्हती. प्राचीनं खिडकीबाहेर पाहिलं.

“मी येते रविवारी,” ती म्हणाली. “माझी पाटी मीच काढीन.”

“बरं.” मग दिपमालानं विचारलं, “आणि बाबांची?”

इतके दिवस जे उत्तर प्राचीनं स्वतःलाही दिलं नव्हतं ते आता द्यायला लागणार होतं. ज्यानं लावली तो नाही. त्याच्या मागं त्याचं काम कुणाकडं होतं हे सगळ्या घराला ठाऊक होतं, आणि तिलाही.

“ती तू काढ,” ती म्हणाली. आवाज नीट निघाला. फोन ठेवायच्या आधी तिनं घाईनं पुढचं जोडलं, “पण मी आल्यावर.”